नवी डिव्हिनिटी येतेय: रोज रोज विचारले जाणारे प्रश्न (एकदाच वाचा आणि मला झोपू द्या)

१२ डिसेंबर २०२५ ची सकाळ. मी सेकंड शिफ्ट करून आलेलो, पांघरुणातच होतो आणि उशीखाली फोन नुसता थरथरत होता. मेव्हण्याचे सात मेसेज. शेवटचा एवढाच, "दाजी उठा, डिव्हिनिटी आली." डिव्हिनिटी म्हणजे व्हिडिओ गेमची जुनी मालिका, तिचा नवा गेम जाहीर झालेला. तिकडं अमेरिकेत लॉस एंजेलिसला व्हिडिओ गेमच्या बक्षिसांचा, म्हणजे द गेम अवॉर्ड्सचा कार्यक्रम चालू होता, त्यांच्याकडं ११ तारखेची संध्याकाळ आणि आपल्याकडं दूधवाल्याची वेळ. तेव्हापासून कँटीनमध्ये, मंडळाच्या कट्ट्यावर, रंकाळ्यावर फिरायला गेलो तरी तेच तेच प्रश्न. म्हणून सगळं एका जागी लिहून टाकतोय. कोल्हापूरजवळ शिरोलीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं लोखंड कापायचं मशीन) सेटर आहे मी, गेमचा पत्रकार नाही, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

नक्की काय येतंय? ओरिजिनल सिन ३ का?

नाही. ओरिजिनल सिन हे याच मालिकेतले आधीचे दोन गेम, याचं नाव मात्र फक्त डिव्हिनिटी. पुढं मागं काही नाही, नंबर पण नाही. बनवणारे लारियन स्टुडिओज, म्हणजे ज्यांनी बाल्डर्स गेट ३ बनवला तेच. मूळचे बेल्जियममधल्या गेंट गावचे, १९९६ पासून स्वेन विंके नावाचा माणूस ती कंपनी चालवतोय. २०२३ ला गेम ऑफ द इयर घ्यायला जो माणूस स्टेजवर चक्क लोखंडी चिलखत घालून आला होता ना, तोच तो.

घोषणेच्या आधी काही दिवस मोहावी वाळवंटात एक भला मोठा राक्षसी पुतळा उभा केलेला, फोटो सगळीकडं फिरत होता आणि लोक अंदाज लावत बसलेले की कुठल्या गेमचा असंल. आमच्यातल्या एकानं पैज लावली डायब्लोचा म्हणून. मिसळ त्याच्याकडून वसूल झाली, एक्स्ट्रा कटासकट.

टर्न-बेस्ड म्हणजे पाळी पाळीनं मारामारी? कंटाळा येत नाही काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारे सगळे बीजीएमआय (मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम) वाले असतात.

कॅरम खेळलाय का कधी मंडळात? तुझी पाळी आली की तू स्ट्रायकर ठेवतोस, एक डोळा मिटतोस, सोंगटी कुठं आदळून कुठं जाईल बघतोस, बाजूचे चार जण "अरे राणी घे, राणी घे" ओरडत असतात आणि तू तरी घाई करत नाहीस, कारण चुकीचं मारलं तर पुढच्याला आयतं घरात जाणार. त्याला कोण म्हणतं का कंटाळवाणं? रात्रीचे दोन वाजतात तरी बल्ब बंद होत नाही.

टर्न-बेस्ड लढाईत हेच. तुमची पाळी आली की जग थांबतं. कोण कुठं उभाय, कोणाची किती ताकद राहिलीय, खाली पाणी आहे का तेल सांडलंय, सगळं बघायचं, ठरवायचं आणि मग बटण दाबायचं. आमच्या कामात पण तसंच असतं बघा, जॉब लावला, झिरो घेतला, ऑफसेट टाकला, दोनदा तपासलं आणि मग सायकल स्टार्ट. दाबल्यावर मग हात चालवून उपयोग नाही, जे काय डोकं लावायचं ते आधी.

आणि खरं कारण सांगू का. ही एकच गेम आहे जी माझ्यासाठी थांबते. ऑनलाईन गोळीबारात आईनं हाक मारली तर एक तर आई चिडती नाहीतर टीममधली पोरं शिव्या घालतात. इथं मी ड्रॅगनसमोर तलवार उपसून उभा असलो तरी उठून सिलिंडर बदलून येतो, पोरीला झोपवतो, कधी कधी तिच्याबरोबर मीच झोपतो आणि सकाळी उठून बघतो तर ड्रॅगन तिथंच आणि पाळी अजून माझीच. संसारी माणसाला यापेक्षा जास्त काय पाहिजे.

राहता राहिला प्रश्न की असलं आता कोण खेळतं. ज्या कार्यक्रमात डिव्हिनिटी जाहीर झाली त्याच कार्यक्रमात गेम ऑफ द इयर कुणाला मिळालं? क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३ ला. फ्रान्समधल्या सँडफॉल नावाच्या छोट्या स्टुडिओचा गेम, आणि टर्न-बेस्ड. २०२३ ला बाल्डर्स गेट ३, तो पण टर्न-बेस्ड. तीन वर्षात दोनदा. बास की.

डिव्हिनिटी पहिल्यापासून अशीच होती का?

छे. इथं लई जणांचा घोळ होतो. पहिला गेम २००२ चा, नाव डिव्हाईन डिव्हिनिटी. हो, असंच नाव आहे, पब्लिशरच्या हट्टामुळं ठेवलेलं, आपल्याकडं लेडीज बायका म्हणतात तसलं. त्यात लढाई रिअल टाइम, म्हणजे न थांबता चालणारी होती, डायब्लोसारखं क्लिक क्लिक क्लिक. मग २००४ ला बियॉन्ड डिव्हिनिटी, २००९ ला डिव्हिनिटी २, ज्यात तुम्ही स्वतः ड्रॅगन बनून उडायचा, आणि २०१३ ला ड्रॅगन कमांडर, त्यात तर ड्रॅगनच्या पाठीला जेटपॅक. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. या सगळ्यात टर्न नावाची गोष्ट लढाईत जवळजवळ नव्हतीच.

पाळी आली २०१४ ला, ओरिजिनल सिनमध्ये. पैसे संपत आलेले, पब्लिशरला कंटाळलेले, म्हणून लोकांकडं वर्गणी मागितली, किकस्टार्टर नावाच्या वेबसाइटवर. सुमारे साडेनऊ लाख डॉलर जमले. त्यातून गेम पुरा केला, चालला. ओरिजिनल सिन २ च्या वेळी, २०१५ ला परत वर्गणी, या वेळी २० लाख डॉलरच्या वर. आपल्या मंडळाची पावती फाडायला गेलो की लोक दार लावून घेतात आणि इकडं बेल्जियमच्या माणसाला जगभरातनं वर्गणी. असो. ओरिजिनल सिन २ आला १४ सप्टेंबर २०१७ ला आणि माझ्या मते तिथंच लारियनला आपला डाव सापडला.

बाल्डर्स गेट ४ का नाही काढला मग? एवढा चाललेला की.

कारण ते घर भाड्याचं होतं. बाल्डर्स गेटचे हक्क विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकन कंपनीकडं, म्हणजे पर्यायानं तिच्या मालकाकडं, हॅस्ब्रोकडं. लारियननं मार्च २०२४ मध्येच सांगून टाकलं की चौथा भाग आम्ही करणार नाही, तिसऱ्याला डीएलसी, म्हणजे नंतरची जोड पण नाही. डिव्हिनिटी त्यांची स्वतःची. जग त्यांचं, रिव्हेलॉन नाव त्याचं, नियम पण त्यांचेच.

नियमांचा फरक खेळताना लगेच कळतो. बाल्डर्स गेटमध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या खेळाचे नियम, वीस बाजूंचा फासा फिरणार आणि ९० टक्के चान्स असलेला वार पण हुकणार. मेव्हण्यानं एकदा असला हुकलेला वार बघून माउस पार गादीवर फेकला होता (गादीवर, कारण घरात त्याची बहीण, म्हणजे माझी बायको बसलेली). ओरिजिनल सिन २ मध्ये फाशाचं एवढं राज्य नाही. प्रत्येक पाळीला चार अ‍ॅक्शन पॉइंट मिळतात, वापरले नाहीत तर साठतात पण सहाच्या वर नाही. चालायला पॉइंट, मारायला पॉइंट, मंत्राला पॉइंट. पगारासारखं, कुठं घालवायचा ते तुमचं तुम्ही बघा. नवीन गेममध्ये यातलं काय ठेवलंय ते हातात आल्यावरच दिसंल, पण टर्न-बेस्ड आहे हे त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

कधी येणार? तारीख?

घोषणेत तारीख नव्हती. त्यामुळं "माझ्या मावसभावाच्या मित्रानं सांगितलं दिवाळीला येतोय" असलं काय ऐकलं तर हसा आणि चहा सांगा.

आधीचा हिशोब बघा फक्त. लारियन आधी अर्धवट गेम विकायला काढतात, अर्ली अ‍ॅक्सेस म्हणतात त्याला, पहिला भाग लोकांना खेळायला देतात, शिव्या ऐकतात, दुरुस्त करतात. ओरिजिनल सिन जानेवारी २०१४ ला तसा आला आणि ३० जूनला पुरा झाला, म्हणजे सहाएक महिने. दुसरा सप्टेंबर २०१६ ते सप्टेंबर २०१७, वर्ष. बाल्डर्स गेट ३ मात्र ६ ऑक्टोबर २०२० ला आला आणि पुरा झाला ३ ऑगस्ट २०२३ ला. जवळजवळ तीन वर्षं. मधी करोनाची दुसरी लाट आली, दोन महापूर... नाही, एकच, २०२१ चा. २०१९ चा त्याच्या आधीचा. पंचगंगेचं पाणी उतरलं, घराला परत रंग दिला, तरी गेम यायचाच होता.

डिव्हिनिटीला पण अर्ली अ‍ॅक्सेसचा विचार आहे असं विंके म्हणालाय. तेव्हा घाई करून उपयोग नाही, आपण टर्न-बेस्डवाले, आपल्याला थांबायची सवय पाहिजे.

ट्रेलर घरच्यांसमोर बघू का?

बघू नका. मी बघितला, हॉलमधल्या टीव्हीवर लावून, मोठ्या हौसेनं. सुरुवातीला जत्रेसारखा माहोल, लोक नाचतायत, खातायत, आईला वाटलं कायतरी यात्रेचं आहे, ती पण येऊन बसली. मग एका माणसाला जिवंत जाळतात आणि पुढं जे काय सुरू होतं ते सांगण्यासारखं नाही. आई उठून गेली. रात्री जेवताना फक्त एवढंच म्हणाली, "तू रात्री जागून हे बघत असतोस होय रे?"

आणि लक्षात ठेवा, तो नुसता सिनेमॅटिक ट्रेलर होता, त्यात गेम कसा खेळायचा ते काहीच दाखवलं नव्हतं. त्यावरनं ग्राफिक्स असले असणार म्हणून उड्या मारू नका.

आधीचे गेम खेळलेलेच पाहिजेत का?

कथेसाठी अडणार नाही असं मला वाटतं. दोन ओरिजिनल सिनच्या मधीच कित्येक शतकं गेलेली आहेत, पहिला न खेळता दुसऱ्यात उतरलेली अर्धी जनता आहे, मी पण त्यातलाच.

पण वाट बघत बसायचंच आहे तर ओरिजिनल सिन २ खेळून घ्याच. डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे सुधारलेली आवृत्ती. लारियनची डोक्याची चाल कशी चालते ते त्यात कळतं. सुरुवातीला तुम्ही कैदी, गळ्यात पट्टा, जहाजातनं एका बेटावरच्या फोर्ट जॉय नावाच्या तुरुंगात नेतायत, कारण तुमच्याकडं सोर्स नावाची जादू आहे आणि राज्यकर्त्यांना तिची भीती वाटते. जहाज बुडतं आणि मग सुरू.

खरी मजा जमिनीत आहे. म्हणजे अक्षरशः पायाखालच्या जमिनीत. पाऊस पाडला की पाणी साचतं, पाण्यात वीज सोडली की त्यात उभा असलेला प्रत्येक जण गार. तेल सांडलं की पाय जड होतात, त्याला आग लावली की झालं, जाळ आणि धूर संगटच. रक्त सांडलं तरी त्यातनं वीज धावते. विषाच्या ढगाला ठिणगी लागली की स्फोट. या सगळ्याला शत्रू-मित्र काय कळत नाही, हे मुख्य.

आमचं झालं असं की आम्ही चौघं, मी, धाकटा भाऊ, पेठेतला एक मित्र आणि इचलकरंजीचा मेव्हणा. फोर्ट जॉयमधली लढाई, भाऊ आगीत अडकलेला, त्याला विझवायला म्हणून मी पाऊस पाडला. माझी पाळी संपली. पुढची पाळी मेव्हण्याची, त्यानं बघितलं शत्रू ओला झालाय, त्यानं काय विचार न करता वीज सोडली. शत्रू एक गार पडला. आणि आम्ही तिघं. तीन पाळ्या आम्ही नुसतं बघत बसलो आणि समोरचे एकेक करून येऊन आम्हाला तुडवून गेले. हेडफोनवर दोन मिनिटं शांतता, मग मेव्हण्याचा आवाज, "दाजी, पाऊस कुणी पाडला?"

अजून एक, फेन नावाचं पात्र घ्या. तो हाडांचा सापळा आहे, त्यामुळं सगळं उलटं, विष पाजलं की तो बरा होतो आणि बरं करायचा मंत्र मारला की त्याला लागतं. चेहरा झाकायचा विसरला तर गावातले लोक अंगावर येतात. आणि डेथफॉग नावाचं एक धुकं आहे, जिवंत माणूस त्यात गेला की संपला, फेन मात्र त्यातनं फिरून येतो. लोकांनी त्या धुक्याचे पिंप उचलून नेऊन मोठमोठे बॉस, म्हणजे दांडगे शत्रू मारलेत. गेमवाल्यांनी ते बंद केलं नाही, तुला सुचलं ना, मग कर. मला हेच आवडतं त्यांचं. पेट पॅल नावाचं टॅलेंट घ्यायला पण विसरू नका, कुत्री, उंदीर, कोंबड्या सगळी बोलतात आणि माणसांपेक्षा शहाणं बोलतात.

माझं इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

मी मराठी मिडीयम, दहावीला इंग्रजीत ४१. जमतं.

मराठी सोडा, हिंदी पण नाहीये आतापर्यंतच्या त्यांच्या गेममध्ये, हे खरं दुखणं आहे आणि बोलणं तर पोतंभर असतं. पण परत तेच, गेम थांबतो. वाक्य स्क्रीनवर राहतं, तुम्ही पुढं ढकलेपर्यंत हलत नाही. मी एक फुलस्केप वही केलेली, अडलेला शब्द लिहायचा आणि मोबाईलवर अर्थ बघायचा. पोरगीनं नंतर त्या वहीत मागनं चित्रं काढली. पहिल्या पानावर शब्द आहेत आणि शेवटच्या पानावर हत्ती, मधी कुठंतरी माझं इंग्रजी सुधारलं. आता कंपनीत परदेशी मशीनचं मॅन्युअल आलं की माझ्याकडं देतात.

माझ्या पीसीवर चालेल का? नवीन घेऊ का आत्ताच?

आत्ता घेऊ नका. जो गेम आलाच नाही त्याच्यासाठी पीसी घेणं म्हणजे मुलगी बघायच्या आधी हॉल बुक करणं.

अंदाजाला बाल्डर्स गेट ३ धरा. त्याला कमीत कमी जीटीएक्स ९७० ग्राफिक कार्ड आणि ८ जीबी रॅम लागते, नीट खेळायला आरटीएक्स २०६० सुपर आणि १६ जीबी, आणि १५० जीबी जागा, ती पण एसएसडीवर. ओरिजिनल सिन २ ला ६० जीबी पुरतात, जुन्या पीसीवर पण तो रडत नाही. नवीन गेम बाल्डर्स गेटपेक्षा हलका असंल असं मला तरी वाटत नाही. त्यात २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असले चढलेत, सगळा माल एआयच्या डेटा सेंटरला चाललाय, की आत्ता घेणं म्हणजे नुसतं नुकसान.

एक अनुभवाचं सांगतो. मी एका दुकानातनं "नवीन" ग्राफिक कार्ड घेतलेलं, नाव घेत नाही. घरी येऊन पंखा बघितला तर पात्यांच्या मागं धुळीचा थर, बोटाला चिकटण्यासारखा, आणि स्क्रूला स्क्रू ड्रायव्हरचे ओरखडे. क्रिप्टो मायनिंगवाल्याचं वापरलेलं निघालं. दुकानदारानं परत घेतलं नाही, सहा महिन्यात गेलं. बॉक्स दुकानातच उघडा, स्क्रू बघा, बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. आणि लाईटचा भरवसा नसेल तर पीसीला यूपीएस लावा. आमच्याकडं राउटर इन्व्हर्टरवर आहे आणि पीसी नाही, त्यामुळं पावसाळ्यात लाईट गेली की नेट जोरात आणि गेम बंद.

क्रॅक, म्हणजे फुकटची चोरीची कॉपी मिळेल का?

हे विचारू नका भावा. मित्रांबरोबर ऑनलाईन खेळायचं तर ओरिजिनलच लागतो. बाल्डर्स गेट ३ भारतात २९९९ ला निघालेला, मला पण जड गेला, आम्ही थांबलो आणि सेलला घेतला. जुने डिव्हिनिटी तर सेलमध्ये एका तांबड्या-पांढऱ्या ताटाच्या भावात पडतात.

प्री-ऑर्डर करू?

नको. डिजिटल माल आहे, संपत नाही.

एआयवरनं भांडण झालं ते काय?

डिसेंबरमध्येच विंके एका मुलाखतीत बोलला की सुरुवातीच्या कल्पना शोधायला आमच्याकडं एआय वापरून बघतात. लोक खवळले, चित्रकार तर जास्तच. जानेवारी २०२६ मध्ये त्यांनी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना सांगितलं की कन्सेप्ट आर्टला, म्हणजे सुरुवातीच्या कच्च्या चित्रांना आता एआय वापरणार नाही. बरं झालं. पेठेतला मित्र गणपतीची मूर्ती रंगवतो, त्याचं म्हणणं, डोळे काढायला माणूसच लागतो, बाकी काय करायचं ते करा.

तुला स्वतःला काय पाहिजे त्यात?

एक म्हणजे ओरिजिनल सिन २ मधलं चिलखत नको. त्यात प्रत्येकाला दोन चिलखतं, एक शरीराचं एक जादूचं, ते फोडेपर्यंत तुमची वीज, बेशुद्धी काही लागत नाही. मग व्हायचं काय, चौघांनी एकाच प्रकारचं मारायला घ्यायचं, अर्धी गंमत गेली. खासबागेत समोरच्या पैलवानाच्या पाठीला तेल लावून सोडल्यासारखं, पकडच बसत नाही.

दुसरं, शेवटचा भाग नीट करा. लारियनच्या गेमची सुरुवात म्हणजे दाबून वाढलेलं ताट असतं आणि शेवटाला आलं की वाढपी पळापळ करायला लागतात. बाल्डर्स गेटचा तिसरा अंक सुरुवातीला किती अडखळायचा ते विसरलो नाही मी.

संगीत मात्र चांगलंच असणार. आधीच्या गेमचं संगीत किरिल पोक्रोव्हस्की यांचं, ते २०१५ ला गेले. ओरिजिनल सिन २ पासून बोरिस्लाव स्लाव्होव्ह. नाईट शिफ्टवरनं येताना पंचगंगेच्या पुलावर धुकं असतं तेव्हा हे हेडफोनमध्ये लावून बघा. गाडी हळू चालवा फक्त.

तुमच्यात चौथी जागा रिकामी झालीय म्हणं?

अफवा आहे. मेव्हणा अजून टीममध्येच आहे. फक्त आता विजेचे मंत्र त्याला द्यायचे नाहीत असं ठरलंय. त्यानं तिरंदाज व्हायचं कबूल केलंय, पण परवा बायकोकडनं कळलं की तो गुपचूप एकटाच परत सुरुवातीपासून खेळतोय, आणि जादूगार घेतलाय.